सात-बाराचा बारा जुलै

एक्सेलच्या कोऱ्या शीटमध्ये इंग्रजी आकड्यांत ७/१२ एवढंच टाइप करून एंटर दाबा. सेलमध्ये सात-बारा राहत नाही. संगणकाची प्रादेशिक सेटिंग अमेरिकेची असेल तर तिथे बारा जुलै उमटतो आणि भारताची असेल तर सात डिसेंबर. बीडसारख्या शेतीच्या जिल्ह्यात पीककर्ज, पीकविमा, फेरफार यातलं काहीही ज्या उताऱ्याशिवाय पुढे सरकत नाही, त्याचं नावच संगणकाला तारीख वाटतं. उताऱ्यावरच्या गट क्रमांकाचंही तेच होतं. गट बाराचा दुसरा पोटहिस्सा आपण १२/२ असा लिहितो. अमेरिकी सेटिंगवर त्याचा दोन डिसेंबर होतो, भारतीय सेटिंगवर बारा फेब्रुवारी.

इथे दोन वेगळ्या चुका आहेत आणि त्या वेगळ्या ओळखल्याशिवाय दुरुस्ती जमत नाही. जे तारीख नव्हतंच ते तारीख मानलं, ही पहिली. तिच्यावर उपाय म्हणजे टाइप करायच्या आधी तो कॉलम निवडून त्याचा फॉरमॅट 'टेक्स्ट' करणे. एखाद-दुसराच सेल असेल तर आधी एक ॲपॉस्ट्रॉफी द्यायची आणि मग गट क्रमांक लिहायचा. नंतर फॉरमॅट बदलून मात्र काही हाती लागत नाही, कारण सेलमध्ये तोवर सात-बारा उरलेलाच नसतो. एक्सेल प्रत्येक तारीख दिवसांच्या क्रमांकाने साठवतं. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस, आणि तिथून मोजत आलं की १५ मार्च २०२३ हा ४५,००० वा. बारा जुलै झालेल्या गट क्रमांकाला 'टेक्स्ट' केलं की पंचेचाळीस हजारांच्या पुढचा असा एखादा आकडा दिसतो आणि भरणारा गोंधळून जातो.

दुसरी चूक जास्त घातक आहे. तारीख खरोखरच तारीख असते, पण दिवस आणि महिना यांची अदलाबदल होते. आपण आधी दिवस लिहितो, मग महिना. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. विंडोज ज्या कंपनीचं आहे तिचं मुख्यालय वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंडला. विंडोज टाकताना भाषा आणि वेळ-चलनाची पद्धत विचारणारा पडदा येतो, तिथे 'इंग्लिश (युनायटेड स्टेट्स)' असं आधीच निवडलेलं असलं आणि टाकणाऱ्याने नुसतं 'नेक्स्ट' दाबलं, की ते मशीन कायम अमेरिकी पद्धतीने तारखा वाचत राहतं. एका मशीनवर केलेली ही मांडणी जशीच्या तशी पुढच्या दहा मशीनवर उतरवली, तर ती चूकही दहा ठिकाणी जाते. एक्सेल स्वतः काही ठरवत नाही, विंडोजला विचारतं. त्यामुळे ऑपरेटरने कितीही काळजीपूर्वक टाइप केलं तरी त्याच्या हातून उलट्याच तारखा जातात, आणि दोष मात्र त्याच्यावर येतो. हे अन्यायाचं आहे.

आता हिशेब पाहा. वर्षात ३६५ तारखा. त्यातल्या प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बारा, म्हणजे एकूण १४४ तारखा दोन्ही पद्धतींनी वाचता येतात. एक जानेवारी, दोन फेब्रुवारी अशा बारा तारखांना दिवस आणि महिना सारखेच, म्हणून त्या योगायोगाने बरोबर निघतात. उरलेल्या १३२ तारखा मशीन कुरकुर न करता उलट्या वाचून ठेवतं. तेरा ते एकतीसमधल्या २२१ तारखांपुढे मात्र ते अडतं, कारण तेरावा महिना नसतो. त्या तारखा ते मजकूर म्हणून तशाच सोडून देतं. एकाच कॉलममध्ये अशा तऱ्हेने काही बरोबर, काही उलट्या आणि काही तारीखच नसलेल्या नोंदी शेजारी शेजारी बसतात. वरवर पाहणाऱ्याला सगळ्या सारख्याच दिसतात.

याची किंमत काय, हे उसाच्या बिलावर स्पष्ट कळतं. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार कारखान्याला ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यावे लागतात आणि उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के दराने व्याज लागतं. माजलगाव, गेवराई पट्ट्यातल्या एखाद्या शेतकऱ्याचा ऊस ५ डिसेंबर २०२४ ला काट्यावर गेला असं धरू. बिल एक लाखाचं. चौदा दिवसांची मुदत १९ डिसेंबरला संपली आणि पैसे १८ जानेवारी २०२५ ला मिळाले. म्हणजे ३० दिवसांचा उशीर आणि व्याज साधारण १,२३३ रुपये. हीच ०५/१२/२०२४ ही तारीख अमेरिकी सेटिंगच्या मशीनने १२ मे म्हणून वाचली की मुदत २६ मेला संपते, उशीर २३७ दिवसांचा होतो आणि व्याज ९,७४० रुपये निघतं. गावातल्या दोनशे शेतकऱ्यांची अशी यादी घेऊन कुणी साखर आयुक्तालयाकडे गेलं, तर पहिल्याच पानावर मे महिन्यातला ऊस पाहून समोरचा माणूस यादी बाजूला ठेवेल. तीस दिवसांच्या व्याजाचा खरा हक्कही त्या कागदाबरोबर जाईल. आणि २० डिसेंबरला ज्याचा ऊस गेला त्याच्या ओळीत उत्तरच येणार नाही, तिथे 'व्हॅल्यू'ची एरर दिसेल. त्या ओळी ऑपरेटर हाताने दुरुस्त करतो, कारण त्या दिसतात. मे महिन्यातल्या तशाच राहतात.

हंगामावरूनच पहिली चाळणी लावता येते. गाळप साधारण दिवाळीच्या पुढेमागे सुरू होतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी आटोपतं. ऊसतोडीच्या यादीत जून, ऑगस्ट, सप्टेंबर असे महिने दिसले की काहीतरी उलटलं आहे असं समजावं. ८ जानेवारीचा १ ऑगस्ट झालेला असतो. पण चाळणीतून निसटणाऱ्या तारखाही आहेत. २ जानेवारीचा १ फेब्रुवारी झाला तर तो हंगामातच बसतो आणि कुणाला शंका येत नाही. तिथे काटा पावती काढून पाहण्याला पर्याय नाही.

तुमच्या मशीनवर काय स्थिती आहे ते तपासायला अर्धं मिनिट लागतं. कोऱ्या सेलमध्ये १३/१/२०२५ टाइप करून एंटर दाबा. तारीख सेलच्या उजव्या कडेला जाऊन बसली तर मशीनने ती ओळखली. डावीकडेच राहिली तर सेटिंग अमेरिकेची आहे. आधी भरलेली शीट तपासायची असेल तर कॉलम निवडून फॉरमॅट 'जनरल' करा. खऱ्या तारखांचे पाच आकडी क्रमांक होतील, मजकूर म्हणून पडलेल्या तशाच राहतील. पाहून झालं की कंट्रोल आणि झेड दाबून पूर्ववत करा. फिल्टर लावूनही हे कळतं: खऱ्या तारखा वर्ष-महिन्याच्या गटांत दिसतात आणि मजकूर झालेल्या खाली सुट्या लोंबतात.

सेटिंग बदलणं सोपं आहे. कंट्रोल पॅनलमध्ये 'रीजन' उघडायचं, 'फॉरमॅट्स'च्या पानावर 'इंग्लिश (इंडिया)' निवडायचं आणि 'अप्लाय' करायचं. विंडोज अकरामध्ये 'सेटिंग्ज', 'टाइम अँड लँग्वेज', 'लँग्वेज अँड रीजन' या वाटेने गेलं की 'रीजनल फॉरमॅट' सापडतं. एक्सेल बंद करून पुन्हा उघडा. याच एका बदलात आणखी दोन कामं होतात. चलनाच्या बटणावर डॉलरऐवजी रुपया येतो आणि स्वल्पविराम आपल्या पद्धतीने पडतात, म्हणजे साडेबारा लाख हे १२,५०,००० असे दिसतात, १,२५०,००० असे नाही. स्वल्पविरामाची ही गोष्ट किरकोळ समजू नये. ग्रामसभेत ताळेबंद वाचून दाखवताना तीन-तीन आकड्यांचे गट पाहून लाख आणि दहा लाख यांत गफलत होते, आणि ती ऐकणाऱ्यांच्या लक्षात येतेच असं नाही. छपाईचा कागद मात्र वेगळा तपासावा. अमेरिकी 'लेटर' कागद आपल्या ए-फोरपेक्षा सहा मिलिमीटर रुंद आणि सुमारे अठरा मिलिमीटर आखूड असतो. 'पेज लेआउट'मध्ये 'साइज' ए-फोर केला की यादीची शेवटची ओळ दुसऱ्या पानावर जाणं थांबतं.

लिबरऑफिस वापरणाऱ्यांनी 'टूल्स'मधल्या 'ऑप्शन्स'मध्ये भाषेच्या विभागात 'लोकेल' बदलावं. तिथेच कोणत्या क्रमाने टाइप केलेली तारीख स्वीकारायची हेही लिहून ठेवता येतं.

सेटिंग बदलली की पुढच्या नोंदी बरोबर होतात. मागच्या होत नाहीत. अनेकजण इथेच फसतात. ३ एप्रिल २०२४ ही तारीख अमेरिकी मशीनने ४ मार्च म्हणून ४५,३५५ या क्रमांकाने साठवलेली असते, खरा क्रमांक ४५,३८५. सेटिंग बदलल्यावर ती ०४-०३-२०२४ अशी दिसेल, भारतीय क्रमाने, नीटनेटकी आणि पूर्ण चुकीची. उलट आधी ती निदान टाइप केल्यासारखी तरी दिसत होती.

म्हणून जुन्या शीटची दुरुस्ती क्रमाने करावी लागते. सर्वांत आधी फाइलची एक प्रत बाजूला ठेवा. मूळ सीएसव्ही फाइल किंवा पोर्टलवरून उतरवलेली यादी अजून हाताशी असेल तर दुरुस्तीच्या फंदात न पडता ती नव्याने आत घ्या. फाइलवर दोनदा क्लिक करून उघडू नका, कारण तसं उघडताना एक्सेल काहीच विचारत नाही. 'डेटा' मेन्यूतून आणा आणि तारखेच्या कॉलमला 'युजिंग लोकेल' वापरून 'इंग्लिश (इंडिया)' सांगा. मूळ फाइल नसेल तर कॉलमची क्रमवारी लावा, म्हणजे मजकूर झालेल्या तारखा एका टोकाला जमा होतील. त्या निवडून 'डेटा'मधलं 'टेक्स्ट टू कॉलम्स' चालवा, तिसऱ्या पडद्यावर 'डेट' निवडून 'डीएमवाय' हा क्रम द्या. झालं. तेरा ते एकतीसच्या सगळ्या तारखा सरळ होतात.

उरतात त्या गुपचूप उलटलेल्या. त्यांच्यासाठी शेजारी एक रिकामा कॉलम घ्या. 'डेट' हे फंक्शन वर्ष, महिना आणि दिवस अशा तीन गोष्टी त्याच क्रमाने मागतं. वर्षाच्या जागी 'इयर' द्या, महिन्याच्या जागी मुद्दाम 'डे' द्या आणि दिवसाच्या जागी 'मंथ'. उलटलेली तारीख पुन्हा उलटते आणि सरळ होते. नंतर निकाल कॉपी करून 'पेस्ट व्हॅल्यूज'ने मूळ जागी बसवा. मात्र हे सूत्र सरसकट ओढत नेऊ नये. तालुक्याची एकत्र केलेली यादी तीन-चार मशीनवरून आलेली असते: ग्रामपंचायतीचा संगणक, सेवा केंद्राचा, एखाद्या शिक्षकाचा लॅपटॉप. त्यातल्या एका मशीनवरच्या तारखा आधीच बरोबर असतील तर सूत्र त्याही उलट्या करेल. कोणती ओळ कुठून आली हे ज्याला ठाऊक आहे त्याला शेजारी बसवून हे काम करावं. हे न करता झालेली दुरुस्ती मूळ चुकीपेक्षा वाईट, कारण तिच्यानंतर कुणाचाच विश्वास कशावर राहत नाही.

गुगल शीटमध्ये व्यवस्था वेगळी आहे. तिथे सेटिंग मशीनची नसून त्या फाइलची असते, म्हणजे एकाने बदलली की सगळ्यांसाठी बदलते. 'फाइल'मधल्या 'सेटिंग्ज'मध्ये 'लोकेल' इंडिया करायचं, आणि तिथेच खाली 'टाइम झोन' पाहायचा. हा टाइम झोन अनेकांच्या नजरेतून सुटतो. पीकविम्यात स्थानिक आपत्तीचं संरक्षण लागू असेल तिथे गारपीट, पुराचं पाणी अशा आपत्तीची सूचना ७२ तासांत द्यावी लागते. एखादा शेतकरी गट आपल्या सदस्यांच्या नुकसानीची नोंद गुगल फॉर्मवर ठेवत असेल आणि शीटचा टाइम झोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा असेल, तर ३ सप्टेंबरला सकाळी नऊला भरलेली नोंद २ सप्टेंबरच्या रात्री साडेआठची दिसेल. साडेबारा तासांचा हा फरक ७२ तासांच्या मुदतीत फार मोठा आहे. नंतर वाद झाला तर गटाकडे दाखवायला चुकीच्या वेळेची नोंद राहते.

मराठी नावांचा प्रश्न याच कुटुंबातला आहे. पोर्टलवरून उतरवलेली सीएसव्ही फाइल उघडली की शेतकऱ्यांच्या नावांच्या जागी युरोपीय अक्षरांची अर्थहीन रांग दिसते. फाइल खराब झालेली नसते. एक्सेल तिला पश्चिम युरोपच्या लिपीची समजून वाचतं, एवढंच. ती न साठवता बंद करा, 'डेटा'मधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या आणि 'फाइल ओरिजिन'मध्ये ६५००१ युनिकोड यूटीएफ-८ निवडा. नावं जशीच्या तशी परत येतात. साठवताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा प्रकार निवडला तर पुढच्या माणसाला त्रास कमी होतो.

याच वेळी आधार आणि खाते क्रमांकाचे कॉलम 'टेक्स्ट' करून घ्यावेत. एक्सेल कोणत्याही संख्येचे पंधरा अंकच जपतं. सोळा अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक ते शून्य करतं, सुरुवातीची शून्यं गाळतं, आणि बारा अंकी आधार 'ई प्लस' घालून आखडून दाखवतं. सीएसव्हीमध्ये साठवताना जसं दिसतं तसंच लिहिलं जातं, म्हणून आखडलेला आधार क्रमांक तिथे कायमचा जातो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या खात्यात एखाद्या योजनेचे पैसे आले नाहीत, तर ते कुटुंब त्या वेळी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कुठल्यातरी फडावर असतं. एका शून्यासाठी त्यांना गावी यावं लागणं म्हणजे मजुरीचे दिवस बुडणं.

यंत्राने स्वतःहून केलेले हे बदल फक्त आपल्याला छळतात असं नाही. जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये नवे नियम प्रसिद्ध केले, तेव्हा 'मार्च-१', 'सेप्ट-१' अशा धर्तीच्या जनुकांची नावं बदललेली होती, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करत होतं. जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत ही चूक असल्याचं २०१६ च्या एका अभ्यासात आढळलं होतं. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये आपोआप होणारे असे काही बदल बंद करण्याची सोय दिली. 'ऑप्शन्स'मधल्या 'डेटा'च्या पानावर ती सापडते. अक्षर-आकडे जोडून लिहिलेल्या नावांना, सुरुवातीच्या शून्यांना आणि लांब क्रमांकांना ती उपयोगी पडते. तिरप्या रेघेने लिहिलेल्या गट क्रमांकासाठी मात्र कॉलम आधी 'टेक्स्ट' करणं हाच खात्रीचा मार्ग.

जुन्या दप्तराचं काम करणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि तिथल्या दप्तरात फसली सन चालत असे. फसली सनात ५९० मिळवले की ढोबळमानाने इसवी सन मिळतो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि उर्दू, मोडीतली जुनी कागदपत्रं पुन्हा बाहेर निघाली. अशा नोंदी शीटमध्ये उतरवताना लक्षात ठेवावं की एक्सेलला १९०० च्या आधीची तारीख माहीतच नाही. फसली १३४० मधली असो किंवा इसवी १८८५ मधली, तारीख त्याच्या लेखी मजकूरच. इथे दिवस, महिना आणि वर्ष यांचे तीन स्वतंत्र कॉलम करावेत, मूळ फसली सन चौथ्या कॉलममध्ये जसाच्या तसा ठेवावा. आणि वर्ष नेहमी चार अंकी लिहावं. दोन अंकी वर्ष कोणत्या शतकात ढकलायचं याची सीमा मशीनप्रमाणे बदलते, कुठे २०२९, कुठे २०४९. १९४५ साली जन्मलेल्या आजींचं '४५' एका मशीनवर बरोबर येतं आणि दुसऱ्यावर २०४५ होतं. वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाच्या यादीत अशी आजी वयात बसत नाही म्हणून बाद होऊ शकते.

आपल्या शाळांच्या जनरल रजिस्टरमध्ये जन्मतारीख अंकी आणि अक्षरी अशी दोनदा लिहिण्याचा रकाना आहे, दाखल्यावरही तशीच येते. ज्यांनी तो नियम केला त्यांनी चूक होणार हे गृहीत धरून तिच्यासाठी अडसर घालून ठेवला होता. कागदावरून संगणकावर येताना हा अडसर आपण काढून टाकला, तो परत बसवता येतो. तारखेच्या कॉलमला 'कस्टम' फॉरमॅट द्या: दिवसासाठी दोन 'डी', महिन्यासाठी तीन 'एम', वर्षासाठी चार 'वाय'. तारीख ०५-डिसें-२०२४ या धर्तीवर इंग्रजी महिन्याच्या नावासह दिसेल. उलटलेली तारीख मग लपत नाही, टाइप करतानाच 'मे' दिसतो आणि हात थांबतो. माझ्या मते गावपातळीवरच्या प्रत्येक यादीला हा फॉरमॅट सक्तीचा असावा.

ग्रामपंचायतीत, शाळेत किंवा सेवा केंद्रात नवा संगणक आला की बिलावर सही करण्याआधी पुरवठादारासमोरच 'रीजन' उघडून 'इंग्लिश (इंडिया)' आहे का ते पाहा आणि १३/१/२०२५ टाइप करून खात्री करा. जुन्या मशीनवर हे काम याच आठवड्यात करा, आणि तालुक्याला पुढची यादी पाठवाल तेव्हा तिच्या वर एक ओळ लिहा: 'तारखा दिवस-महिना-वर्ष या क्रमाने आहेत.'